पन्नास रुपयांचा गुन्हा

१८३२ सालच्या जून महिन्यात मुंबईच्या कोटात दंगल झाली ती कुत्र्यांवरून. शहरातली बेवारस कुत्री मारायचा नियम कंपनी सरकारने १८१३ मध्येच केला होता, पण ती कत्तल वर्षातल्या ठरावीक आठवड्यांपुरती असे. १८३२ मध्ये उन्हाळ्यातली मुदत वाढवून १५ जूनपर्यंत नेली गेली. मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे मिळत. त्या काळात आठ आणे ही लहान रक्कम नव्हती. त्या लोभाने शिपाई बेवारस आणि पाळीव असा भेद करेनासे झाले आणि घरांच्या दारांतून कुत्री ओढून नेऊ लागले. ६ जूनला कोटातल्या पारशी जमावाने कुत्री मारणाऱ्या शिपायांना गाठून चोप दिला. दुसऱ्या दिवशी दुकानं उघडली नाहीत. कुलाब्याच्या छावणीकडे जाणारं दाणापाणी लोकांनी अडवलं आणि अखेर लष्कर बोलवावं लागलं. पारशी समाजात कुत्र्याला धार्मिक स्थान आहे, अंत्यविधीतही त्याचा भाग असतो. पण हा राग एकट्या पारशांचा राहिला नाही, हिंदू, जैन आणि इस्माइलीही त्यात उतरले. पुढे दोनच वर्षांत, १८३४ मध्ये, सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या पुढाकाराने मुंबईत जनावरांना आसरा देणारा पांजरपोळ उभा राहिला.

रस्त्यावरचं क्रौर्य नजरेआड करायला तयार नसलेली माणसं या शहरात दोनशे वर्षांपूर्वीही होती. राग खरा होता, देणग्या मोठ्या होत्या, पांजरपोळ आजही आहे. तरी रस्त्यावरची कुत्री मारणं काही थांबलं नाही. कंपनी सरकार गेलं, महाराणीचं राज्य आलं, स्वातंत्र्य मिळालं, आणि मुंबई महापालिका थेट १९९४ पर्यंत कुत्री मारतच राहिली. शेवटच्या काळात विजेचा धक्का देऊन. इतकी वर्षं मारूनही कुत्री संपली नाहीत, पिसाळण्याचा रोगही संपला नाही. या प्रकरणात पुढे जे सांगायचं आहे त्याचा गाभा इथेच आहे. बागेत, रस्त्यावर, चौपाटीवर, देवळाबाहेर जनावरांचे जे हाल होतात, त्यांतले थोडेच एखाद्या दुष्ट माणसाच्या हातून होतात. बाकीचे आपण लावून दिलेल्या पद्धतीतून होतात. म्हणून ते थांबवायचे तर पद्धत बदलावी लागते, आणि जिथे ती बदलली तिथे फरक पडलेला दिसतो.

आधी कायद्याचं बघू, कारण लोकांचा पहिला भरवसा त्याच्यावर असतो.

इंग्रजांच्या काळातला प्राण्यांवरील क्रौर्य रोखण्याचा कायदा १८९० चा. त्यातलं मुख्य कलम वाचलं की एक गोष्ट डोळ्यांत भरते. बैलाला निर्दयपणे मारणं, झेपणार नाही एवढा बोजा लादणं हा गुन्हा ठरत असे तो रस्त्यावर, लोकांचा वावर असलेल्या जागी किंवा तिथून कुणाच्या नजरेला पडेल अशा ठिकाणी घडला तर. म्हणजे जनावराच्या वेदनेइतकीच बघणाऱ्याच्या डोळ्यांची काळजी त्या कायद्याला होती. मालकाने घराच्या भिंतीआड काय केलं याच्याशी कायद्याला देणंघेणं नव्हतं. हा दोष स्वतंत्र भारतात दूर झाला. रुक्मिणीदेवी अरुंडेल राज्यसभेत होत्या, त्यांनी खासगी विधेयक आणून हा विषय लावून धरला आणि त्यातून १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा झाला. १९६२ मध्ये प्राणी कल्याण मंडळ स्थापन झालं, त्याच्या पहिल्या अध्यक्षाही त्याच होत्या. नव्या कायद्याने वेदना हीच कसोटी मानली, मग ती रस्त्यावर झालेली असो की घरात. मारणं, लाथाडणं, अति पळवणं, अति लादणं, आजारी किंवा जखमी जनावराला कामाला जुंपणं, फार आखूड दोरीने बांधून ठेवणं, उपाशी ठेवणं, मरायला सोडून देणं, विष घालणं असं सगळं ११व्या कलमात आलं.

आणि शिक्षा? पहिल्या गुन्ह्याला किमान दहा आणि कमाल पन्नास रुपये दंड. तीन वर्षांच्या आत पुन्हा केला तर पंचवीस ते शंभर रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. सहा दशकं उलटून गेल्यावरही पहिल्या गुन्ह्याचा आकडा पन्नासाच्या वर गेला नाही. ज्या शहरात वडापाव वीस रुपयांना मिळतो, तिथे कुत्र्याच्या अंगावर उकळतं पाणी ओतण्याची किंमत अडीच वडापाव. २०२२ मध्ये केंद्राने दुरुस्तीचा मसुदा लोकांपुढे ठेवला, त्यात कठोर शिक्षा होत्या, पण तो मसुदाच राहिला. माझ्या मते प्राण्यांविषयीच्या आपल्या सगळ्या सार्वजनिक भाषणांना हा पन्नासचा आकडा खोटं पाडतो.

तरीही ‘कायद्यात काही दम नाही’ असं म्हणून हात झटकणं बरोबर नाही. भारतीय न्याय संहितेच्या ३२५व्या कलमाखाली कुठल्याही प्राण्याला ठार मारणं, विष देणं, जायबंदी करणं यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. जुन्या दंडविधानात हीच शिक्षा जनावराच्या किमतीवरून ठरायची. दहा रुपयांचं जनावर वेगळं, पन्नास रुपयांचं वेगळं. १ जुलै २०२४ पासून ती किमतीची अट गेली. रस्त्यावरच्या मांजरीला बाजारात काही किंमत नसते, पण कायद्याच्या लेखी आता तिचा जीवही घोड्याच्या जिवाइतकाच आहे. गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांनी तक्रार नोंदवून घेऊन तपास करायचा असतो. चौकीत गेल्यावर ‘साहेब, कुत्र्याला मारलं’ एवढंच सांगितलं तर प्रकरण बहुधा पन्नास रुपयांच्या कलमात जाऊन पडतं. कलमाचा आकडा सांगून लेखी तक्रार दिली, सोबत पशुवैद्याचा दाखला आणि फोटो जोडले की गोष्ट बदलते.

आता पुन्हा कुत्र्यांकडे येऊ, कारण बागेतलं आणि रस्त्यावरचं सगळ्यांत मोठं भांडण त्यांच्यावरूनच असतं.

कुत्रं मारल्याने कुत्री का कमी होत नाहीत? रस्त्यावरचं कुत्रं एका हद्दीत राहतं. त्या हद्दीत जेवढं खायला मिळतं, मुख्यतः उघडा कचरा, तेवढ्यावर जगू शकतील तितकी कुत्री तिथे असतात. त्यांतली दहा उचलून नेली तरी कचरा तिथेच राहतो. शेजारच्या हद्दीतली कुत्री त्या मोकळ्या जागेत शिरतात, नव्या हद्दीसाठी भांडतात, आणि जी मागे उरली त्यांची पिल्लं जगण्याचं प्रमाण वाढतं. मादी वर्षातून साधारण दोनदा माजावर येते, त्रेसष्ट दिवसांत विते आणि एका वेळी चार-सहा पिल्लं सहज देते. मारणारी गाडी या वेगाशी शर्यत लावू शकत नाही. याउलट निर्बीजीकरण केलेली, रेबीजची लस टोचलेली कुत्री त्याच हद्दीत परत सोडली तर ती हद्द राखतात, बाहेरच्यांना आत येऊ देत नाहीत आणि स्वतः वाढत नाहीत. माजाच्या काळातली नरांची भांडणं आणि पिल्लं राखणाऱ्या मादीचे चावे, दोन्ही कमी होतात.

हे कागदावरचं गणित नाही. जयपूरमध्ये ‘हेल्प इन सफरिंग’ या संस्थेने १९९४ च्या अखेरीस हे काम हाती घेतलं. आठ वर्षांत कामाच्या टापूतली कुत्री २८ टक्क्यांनी कमी झाली आणि त्या टापूत माणसांना होणारा रेबीज शून्यावर आला. गोव्यात तर पूर्ण राज्याने हे करून दाखवलं. ‘मिशन रेबीज’ आणि राज्य सरकार यांनी मिळून दरवर्षी गावोगाव, वाड्यावाड्यांवर कुत्र्यांना लस टोचली, शाळांमधून मुलांना शिकवलं आणि संशयित कुत्र्याची खबर मिळताच पथक पाठवलं. कुत्र्यांमधला रेबीज ९२ टक्क्यांनी घटला आणि २०२१ मध्ये गोवा हे देशातलं पहिलं रेबीज-नियंत्रित राज्य जाहीर झालं. यात कुत्री मारावी लागली नाहीत. दहांतल्या सात कुत्र्यांना लस मिळाली की रोगाची साखळी तुटते, हे सूत्र तिथे नेटाने पाळलं गेलं.

मुंबईत १९९४ नंतर मारणं थांबून निर्बीजीकरण सुरू झालं. २०१४ च्या गणनेत शहरात ९५ हजारांच्या आसपास कुत्री होती आणि दहा वर्षांनी झालेल्या पाहणीत ती ९० हजारांच्या घरात आली. माणसं आणि कचरा दोन्ही वाढत असताना हा आकडा वाढला नाही, हे मी यश मानतो. पण ते अर्धवट यश आहे. टप्प्याटप्प्याने, निधी मिळेल तसं, कंत्राट निघेल तसं काम चाललं की ते पाण्यात जातं. एका वॉर्डातल्या साठ टक्के कुत्र्यांची शस्त्रक्रिया झाली आणि मग वर्षभर काम थांबलं, तर पुढच्या वर्षी पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. राज्यातल्या लहान नगरपालिकांमध्ये तर निर्बीजीकरणाचं केंद्र कागदावरच असतं. अशा गावात कुत्रं चावून मूल दगावलं की लोक खवळतात, आणि एखाद्या रात्री पावाला विष लावून टाकलं जातं. विष घालणारा गुन्हेगार आहेच, पण त्याच्या आधी वर्षानुवर्षं काहीही न करणारी नगरपालिकाही त्या मृत्यूंना जबाबदार आहे. त्या मुलाच्याही, आणि त्या कुत्र्यांच्याही.

रस्त्यावरचं कुत्रं दिसलं की त्याच्या कानाकडे बघा. कानाच्या टोकाशी इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच असेल तर त्याची शस्त्रक्रिया झालेली आहे. भूल दिलेली असतानाच ही खाच घेतात, म्हणजे पुन्हा जाळ्यात धरून त्याला त्रास द्यावा लागत नाही. चांगलं पथक कुत्रं जाळीने धरतं, तारेच्या फासाने किंवा चिमट्याने नाही. शस्त्रक्रियेआधी उपाशी ठेवतं, नंतर टाके भरेपर्यंत केंद्रात राखतं, आणि जिथून उचललं त्याच गल्लीत सोडतं. शेवटची गोष्ट सगळ्यांत जास्त मोडली जाते. सोसायटीतल्या एखाद्या वजनदार माणसाच्या सांगण्यावरून कुत्रं दोन-चार किलोमीटरवर नेऊन सोडतात. तिथली कुत्री त्याला फाडतात किंवा ते परतीच्या वाटेवर गाडीखाली येतं. कुणीच त्याला मारलेलं नसतं.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने आधी दिल्ली परिसरातली सगळी कुत्री निवाऱ्यात ठेवण्याचा आदेश दिला. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो बदलला. निर्बीजीकरण आणि लसीकरण करून कुत्री मूळ जागी सोडावीत, पिसाळलेली किंवा आक्रमक असतील ती मात्र सोडू नयेत, आणि रस्त्यात वाटेल तिथे खायला न घालता त्यासाठी ठरावीक जागा असाव्यात, असा तो बदल होता. नोव्हेंबरमध्ये शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं, रेल्वेस्थानकं, क्रीडासंकुलं यांच्या आवारातली कुत्री हलवून परत तिथे सोडू नयेत, असंही न्यायालयाने सांगितलं. या आदेशांवर वाद आहेत आणि राहतील. खाऊ घालण्याच्या जागेबद्दल मात्र वाद नसावा. प्राण्यांच्या जन्मनियंत्रणाच्या २०२३ च्या नियमांतही तेच आहे. मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून, जिन्यापासून, ये-जा करण्याच्या दारापासून लांब, आणि मुलं-वृद्ध यांची वर्दळ कमी असेल अशा वेळी खायला घालावं. बागेच्या फाटकातच पातेलं उघडणारा प्राणिमित्र कुत्र्यांचं भलं करत नाही. घाबरलेल्या आजोबांच्या काठीखाली शेवटी कुत्रंच येतं.

दयेतूनही हाल होतात याचं आणखी मोठं उदाहरण कबुतरांचं. दादरचा कबूतरखाना १९३३ सालचा, मूळचा कारंजा. दाणे टाकण्यामागे जैन आणि गुजराती समाजाची पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा आहे आणि तिच्याकडे तुच्छतेने बघू नये. जीवदयेची जी शिकवण पांजरपोळ चालवते, तीच इथे पोती उघडते. पण पारव्याला, म्हणजे शहरातल्या या कबुतराला, बारा महिने आयते दाणे मिळाले की तो बारा महिने वीण घालतो. पिल्लांना तो गळ्यातल्या पिशवीत तयार होणारं दुधासारखं खाद्य भरवतो. त्यामुळे किडे मिळण्याच्या ऋतूची वाट त्याला बघावी लागत नाही. भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीवरच्या २०२३ च्या अहवालात झपाट्याने वाढलेल्या पक्ष्यांत पारव्यांचं नाव ठळक आहे. त्यांच्या सुकलेल्या विष्ठेच्या आणि पिसांच्या धुळीने काही माणसांच्या फुप्फुसांना कायमची सूज येते. डॉक्टर त्याला हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस म्हणतात.

जुलै २०२५ मध्ये मुंबईतले कबूतरखाने बंद करण्याचा निर्णय झाला, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, दादरला ताडपत्री टाकली गेली आणि ऑगस्टमध्ये संतप्त लोकांनी ती फाडली. आरोग्याच्या बाजूने निर्णय योग्यच होता. पण वर्षानुवर्षं आयतं खाल्लेल्या हजारो पक्ष्यांचे दाणे एका दिवसात तोडणं म्हणजे दाणे टाकण्याची चूक पक्ष्यांच्या उपासमारीने दुरुस्त करणं. दाणे हळूहळू कमी करत नेणं, वस्तीपासून दूर जागा देणं, इमारतींच्या खोबणी बंद करून वीण कमी करणं हा कष्टाचा रस्ता आहे. तो आधी आखला असता तर ताडपत्रीची वेळ आली नसती.

करमणुकीसाठी जुंपलेल्या जनावरांची गोष्ट थोडी निराळी, कारण तिथे कुणाचं तरी पोट असतं. मरीन ड्राइव्ह आणि गेटवेपाशी चंदेरी पत्र्याने मढवलेल्या व्हिक्टोरिया गाड्या अनेकांच्या मुंबईच्या आठवणीत आहेत. ‘व्हिक्टोरिया नंबर २०३’ या सिनेमानेही ती आठवण पक्की केली. प्रवासी गाडीखाली उतरून घोड्याचे पाय कधी बघत नसत. घोड्याचा खूर माती-गवतासाठी घडलेला. डांबरावर प्रत्येक टापेचा हादरा सांध्यांपर्यंत जातो, लोखंडी नाल ओल्या रस्त्यावर घसरते, आणि एप्रिल-मेमध्ये डांबर पायांखालून भाजतं. घोड्याला दिवसाला पंचवीस-तीस लिटरहून अधिक पाणी लागतं. ते पाणी, ती सावली, तो चारा शहराच्या या टोकाला कुठे मिळणार? तबेले विनापरवाना, घोडे अर्धपोटी, अशा तक्रारी घेऊन एक प्राणीसेवी न्यास उच्च न्यायालयात गेला. ८ जून २०१५ रोजी न्यायालयाने केवळ मौजेसाठी चालणाऱ्या या गाड्या बेकायदा ठरवल्या, त्या बंद करायला एक वर्षाची मुदत दिली आणि मालक व गाडीवान यांच्या पुनर्वसनाची योजना करायला सरकारला सांगितलं.

या निकालातली मला सर्वांत मोलाची वाटते ती ही पुनर्वसनाची बाजू. गाडीवान काही खलनायक नव्हता. घोडा अर्धपोटी असला तर गाडीवानाच्या घरीही फार वेगळं नसे. योजना प्रत्यक्षात यायला मात्र वर्षं गेली. २०२१ मध्ये विजेवर चालणाऱ्या, तशाच घाटाच्या गाड्या रस्त्यावर आल्या आणि हौसेला घोडा लागत नाही हे सिद्ध झालं. अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांचे खेळ १९९८ च्या अधिसूचनेने बंद झाले तेव्हा पुनर्वसनाकडे असंच दुर्लक्ष झालं होतं. अस्वल नाचवणाऱ्या कलंदर कुटुंबांना दुसरं काम शिकवण्याचं काम पुढे स्वयंसेवी संस्थांनी केलं. लग्नाच्या वरातीत फटाक्यांच्या धुरात, डीजेच्या भिंतीसमोर उभ्या घोड्याकडे आता आपण कधी बघणार, हा प्रश्न शिल्लक आहे.

देवळाबाहेर आखूड दोरीने बांधलेली गाय आणि शेजारी चाऱ्याच्या पेंढ्या हेही असंच दृश्य. दिवसभर त्याच चाऱ्यावर पुण्य कमावणाऱ्यांची रांग, आणि गाय मात्र उन्हात. जी गाय मोकळी फिरते तिची अवस्था आणखी वाईट. कचऱ्यातलं उरलेलं अन्न ती पिशवीसकट गिळते. गाय पिशवी ओकू शकत नाही, ती पुढेही सरकत नाही, पोटात गोळा होत राहते. शस्त्रक्रियेत एकेका गाईच्या पोटातून वीस-तीस किलो प्लास्टिक निघाल्याची उदाहरणं आहेत. २०१८ पासून महाराष्ट्रात पातळ पिशव्यांवर बंदी आहे. भाजीवाल्याकडे ती अजून मिळते, हे आपण सगळेच जाणतो.

आणि मांजा. संक्रांतीचा मांजा हा सार्वजनिक जागेतल्या क्रौर्याचा सर्वांत निरागस दिसणारा प्रकार, कारण त्यात कुणालाच कुणाला दुखवायचं नसतं. नागपुरात, येवल्यात, मुंबईच्या चाळींच्या गच्च्यांवर काटाकाटीचा आनंद खराच असतो. नायलॉनचा मांजा आला आणि त्या आनंदाला धार आली. साधा सुती दोरा पावसापाण्याने कुजतो, ताण पडला की तुटतो. नायलॉन तुटत नाही आणि कुजतही नाही. जानेवारीत झाडावर अडकलेला मांजा पुढच्या दिवाळीतही तिथेच असतो, आणि संध्याकाळी परतणारी घार, पहाटे उडणारं घुबड, रात्री निघालेलं वटवाघूळ यांना तो दिसत नाही. राष्ट्रीय हरित लवादाने जुलै २०१७ मध्ये नायलॉन आणि इतर कृत्रिम मांज्यावर देशभर बंदी घातली. दुचाकीस्वारांचे गळे चिरल्याच्या बातम्या दर जानेवारीला येतात, म्हणजे बंदी कुठवर पोचली आहे ते कळतं.

पक्ष्याच्या पंखाच्या पुढच्या कडेला, खांद्यापासून मनगटापर्यंत, कातडीचा एक पातळ पडदा ताणलेला असतो. तो ताणलेला असतो म्हणून पंखाला उडण्याचा आकार येतो. मांजा नेमका तिथे बसतो. घाबरून पक्षी जितका फडफडतो तितका दोरा आत जातो, पडदा फाटतो, खालचे स्नायूबंध तुटतात. हाड शाबूत असलं तरी तो पक्षी पुन्हा उडेलच असं नाही. असा पक्षी हाताशी सापडला तर दोरा ओढू नका, ओढण्यानेच उरलेला पडदा फाटतो. पक्ष्यावर आधी जाड कापड टाका, डोळे झाकले की तो शांत होतो. जखमेच्या दोन्ही बाजूंना थोडा दोरा सोडून कात्रीने कापा, आत रुतलेला भाग पशुवैद्यासाठी ठेवा. चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात अंधारात ठेवा आणि दवाखाना गाठा. मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचं जनावरांचं रुग्णालय १८८३ पासून आहे. पक्षी उंच झाडावर लटकत असेल तर अग्निशमन दलाला फोन करावा, शिडी त्यांच्याकडे असते. स्वतः झाडावर चढू नका.

जुन्या मुंबईत दानशूर शेठियांनी बांधलेल्या प्याऊंना माणसांच्या नळाखेरीज गुरा-घोड्यांसाठी खालच्या बाजूला दगडी कुंड्या असत. रस्त्याचा आराखडा करतानाच तहानलेल्या जनावराची आठवण ठेवलेली होती. आजच्या बागांच्या निविदांत कारंजी असतात, दिवे असतात, व्यायामाची यंत्रं असतात. एक उथळ पाण्याची कुंडी आणि रोज ती घासून भरण्याची जबाबदारी कुणाची, ही दोन कलमं निविदेत घालायला काहीच खर्च नाही. नगरसेवकाला भेटा तेव्हा हे मागा. वॉर्डात गेल्या वर्षी किती कुत्र्यांचं निर्बीजीकरण झालं आणि किती शिल्लक आहेत, हा आकडाही मागा. माहितीच्या अधिकारात तो मिळतो.

आणि एक लगेच करण्यासारखं. पावसाळ्याआधी झाडं छाटायला माणसं येतात, नेमकी तेव्हाच बगळे, रातबगळे, पाणकावळे मोठ्या झाडांवर घरटी बांधायला लागतात. एक फांदी पडली तर दहा-बारा घरटी पिल्लांसकट खाली येतात. वन्यजीव संरक्षण कायद्याने अंडी आणि घरटी उद्ध्वस्त करणं हे शिकारीतच धरलं आहे. तुमच्या सोसायटीत किंवा समोरच्या बागेत या वर्षी कुऱ्हाड-करवत आली, तर काम सुरू होण्याआधी वर बघा. घरटी दिसली तर छाटणी थांबवायला सांगा, मुकादम ऐकत नसेल तर उद्यान खात्याला आणि वन खात्याला तिथूनच फोन करा, आणि पिल्लं उडून जाईपर्यंत त्या फांदीला हात लावू देऊ नका.